पाकोळ्यांचा डबा: सोलापूरच्या उन्हात कुठे आणि कसा लावायचा

गेल्या दोन वर्षांत माझ्या ओळखीत सात-आठ जणांनी घराला वाघळांचा डबा लावला, म्हणजे पाकोळ्यांना, लहान किडेखाऊ वाघळांना राहायला भिंतीवर लावतात तो लाकडी डबा. कुणी जुळे सोलापूरला, कुणी विजापूर रोडला, एकाने तर होटगीच्या बाजूला शेतात. त्यातल्या दोनच डब्यांत आजवर कुणी राहायला आलंय. बाकीचे रिकामे, एकात मुंग्या. मेहनत सगळ्यांनी मनापासून घेतली होती, लाकूड चांगलं होतं, सुतारही चांगला होता, पण बघितलेले व्हिडिओ सगळे थंड देशांतले आणि त्यात सांगितलेलं जसंच्या तसं केलं: गडद रंग, दक्षिणेकडे तोंड, दिवसभर ऊन. तिकडे ते बरोबरच आहे, तिकडे रात्री गार असतात, पिल्लांना ऊब लागते, म्हणून डबा मुद्दाम तापवावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४३ असतं. तिथे काळा डबा दिवसभर उन्हात टांगला तर ती भट्टीच होते.

माझा पहिला डबा असाच होता. गच्चीच्या पश्चिमेकडच्या कठड्याला, बाहेरून गडद तपकिरी. एप्रिलमध्ये एकदा आत थर्मामीटर सोडून बघितलं, दुपारी साडेतीनला ५१. आत कुणी नव्हतं हेच नशीब. त्याच दिवशी काढला.

म्हणून खाली जे लिहितेय त्यात दोन गोष्टी धरून चला. एक, सोलापुरात डबा गार कसा राहील तेच बघायचं. दोन, आधी वाघळं बघायची, मग जागा ठरवायची आणि शेवटी डबा करायचा. लोक नेमकं उलट करतात, आधी डबा आणतात आणि मग खिळा कुठे मोकळा आहे ते शोधतात.

१. आधी कोण येणार ते बघा

वाघूळ म्हटलं की डोळ्यासमोर येतात ती मोठी वटवाघळं, झाडाला उलटी लटकलेली, संध्याकाळी कावळ्याहून मोठे पंख मारत जाणारी. ती डब्यात कधीच येत नाहीत. त्यांना उघडी झाडंच लागतात. ती फळं खातात, म्हणून डब्याजवळ केळी आणि पपईच्या फोडी टांगणारे लोक मी बघितलेत. त्याने फक्त मुंग्या, चिलटं आणि उंदीर येतात. तसंच नारळ, ताडाच्या झावळ्यांत राहणारी मध्यम आकाराची फळखाऊ वाघळंही डब्याकडे बघत नाहीत.

डब्यात येतात त्या पाकोळ्या. (पाकोळी म्हणजे काही जण पक्षी समजतात, मी इथे लहान किडेखाऊ वाघळाबद्दल बोलतेय.) अंगाने अंगठ्याएवढ्या. त्यांना फटीत राहायची सवय असते, दुकानाच्या पाटीच्या मागे, जुन्या दाराच्या चौकटीच्या वरच्या भेगेत, शटरच्या पेटीत, माळवदाच्या तुळयांच्या सांध्यात. फट अशी हवी की पोट आणि पाठ दोन्ही लाकडाला लागली पाहिजे. मोकळ्या खोक्यात त्या राहत नाहीत. हे एकदा डोक्यात बसलं की डबा कसा करायचा त्याचं अर्धं उत्तर मिळतं.

तर काम काय करायचं? सलग आठ-दहा दिवस संध्याकाळी गच्चीत बसायचं. सूर्य मावळायच्या पंधरा मिनिटं आधीपासून पुढचा अर्धा तास. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास, जूनमध्ये सातच्या सुमारास मावळतो. आकाशाच्या उजळ बाजूकडे तोंड करून बसा. लहान काळं काहीतरी झटकन वळण घेत, सरळ न उडता फडफडत जाताना दिसलं तर ती पाकोळी. किती दिसल्या, कुठून आल्या, कुठल्या दिशेला गेल्या, एवढं वहीत लिहा. मोबाइलवर बघत बसलात तर चुकणार, त्या तीन-चार सेकंदांत निघून जातात.

दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) शोभेच्या दारूकामाच्या आसपास हे मोजू नका, आवाजाने त्या वेळा बदलतात. आणि कडक थंडीच्या रात्री किडे कमी, त्यामुळे पाकोळ्याही कमी.

तपासा: आठ-दहा संध्याकाळींत एकही दिसली नाही तर डबा करायची घाई नको. पावसाळा संपल्यावर परत बघा, तेव्हा किडे भरपूर असतात. एक-दोन जरी रोज दिसल्या तरी पुढे जायला हरकत नाही.

अजून एक, डासांबद्दल खरं बोलायला पाहिजे. "एक वाघूळ तासाला हजार डास खातं" असं सगळीकडे फिरतं. ते एका बंद खोलीत डास सोडून केलेल्या जुन्या प्रयोगावरून फुगवलेलं आहे, बाहेर उघड्यावर पाकोळ्या पतंग, भुंगे, चिलटं, डास जे मिळेल ते खातात. आणि डेंग्यूचा डास चावतो दिवसा, पाकोळी बाहेर पडते रात्री. आपल्याकडे पाणी रोज येत नाही म्हणून घराघरात बॅरल भरलेले असतात, त्यांना झाकण आणि आठवड्यातून एकदा कोरडं घासणं हे करायचंच, डबा लावला म्हणून ते सोडू नका.

२. जागा: इथेच नव्वद टक्के लोक चुकतात

ह्या पायरीला वेळ द्या. डबा महिनाभर उशिरा झाला तरी चालेल.

पहिली पसंती घराची भिंत. झाड नको. झाडावर लावायचा मोह सगळ्यांना होतो कारण ते नैसर्गिक वाटतं, पण फांद्या वाटेत येतात, मांजर आणि साप सहज चढतात, आणि पाकोळीला बाहेर पडताना आधी खाली सूर मारून मग पंख पसरायला मोकळी जागा लागते, ती फांद्यांत मिळत नाही. लोखंडी पाइपवर लावला तर पाइप तापतो आणि चारही बाजूंनी ऊन लागतं. विटा-दगडाची भिंत मात्र तापायला आणि गार व्हायला वेळ घेते, डब्याचं तापमान एकदम चढत नाही. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींची घरं ज्यांची आहेत त्यांना तर फारच सोयीचं आहे.

आता दिशा. पश्चिम भिंत पूर्ण बाद. दुपारी तीन ते सहाचं ऊन सगळ्यात वाईट, भिंत आधीच तापलेली असते आणि त्यावर तिरपं ऊन थेट लागतं. दक्षिण भिंत हिवाळ्यात दिवसभर तापते, उन्हाळ्यात कमी, पण एकंदरीत आपल्याकडे नको. पूर्व भिंत चांगली, सकाळी दहापर्यंत ऊन, त्यानंतर सावली. उत्तर भिंतही चांगली, पण एक लक्षात ठेवा: सोलापूर इतकं दक्षिणेला आहे की मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत तो किंचित उत्तरेकडून जातो. म्हणजे नेमक्या कडक दिवसांत उत्तर भिंतीवर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. त्यामुळे उत्तरेला लावायचा असेल तर वर छज्जा पाहिजेच. पूर्वेलाही छज्जा असला तर उत्तमच.

माझं मत विचाराल तर: पूर्व भिंत, छज्ज्याच्या खाली वीतभर जागा सोडून, आणि जमलं तर दुसरा डबा उत्तर भिंतीला. दोन डबे दोन दिशांना असले की हवा बघून त्या इकडून तिकडे जातात. एकच करायचा असेल तर पूर्व.

उंची जमिनीपासून १२ ते १५ फूट. दहाच्या खाली मांजर पोहोचू शकते. डब्याच्या खाली दहा फूट मोकळं पाहिजे, कपड्यांची दोरी, केबलचं जाळं, मांडवाचा पाइप, काही नको. समोर २० फूट तरी मोठं झाड नको.

कुठे अजिबात नको: खिडकी-दाराच्या वर, लेंड्या पडतात आणि मग घरात भांडण होतं. एसीच्या बाहेरच्या मशीनजवळ, गरम वारा लागतो. पाण्याच्या उघड्या टाकीवर. आणि रस्त्यावरचा दिवा किंवा हॅलोजन थेट तोंडावर येईल तिथे. दिव्याभोवती पाकोळ्या किडे धरायला येतात हे खरं, पण झोपायच्या जागेच्या तोंडाशी उजेड असेल तर त्या आत जात नाहीत.

जागेची परीक्षा, डबा करण्याआधी

हे कुणी करत नाही आणि हेच सगळ्यात उपयोगी आहे. माशांच्या टाकीचं वायरवालं छोटं डिजिटल थर्मामीटर मिळतं, स्वस्त असतं. जिथे डबा लावायचाय तिथे एक साधं लाकडी खोकं किंवा जाड पुठ्ठ्याचं बंद खोकं टांगा आणि वायरचं टोक आत सोडा. दुपारी बारा, तीन आणि पाचला आकडा लिहा. त्याच वेळी व्हरांड्याच्या सावलीतला आकडाही लिहा.

डबे लावणारे लोक साधारण २७ ते ३८ अंश हा चांगला पट्टा धरतात, ४० च्या पुढे गेलं की पाकोळ्या खाली सरकतात, तोंड उघडून धापा टाकतात, आणि खूप वाढलं की पिल्लं खाली पडतात. सोलापुरात मे महिन्यात सावलीच ४० च्या वर जाते, त्याला आपण काही करू शकत नाही. पण फरक बघायचा: खोक्यातला आकडा सावलीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असेल तर जागा ठीक. सहा-सात अंश जास्त असेल तर जागा बदला, रंग आणि छप्पर नंतर कितीही सुधारलं तरी ते भरून निघत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ही परीक्षा घेतली तर सगळ्यात खरी. थंडीत घेतलेला आकडा फसवतो.

३. डबा करायचा: मोजमाप आणि क्रम

खोकं म्हणून विचार करू नका. दोन फळ्यांमध्ये पाऊण इंचाची फट, एवढंच आहे ते. दोन फटी केल्या तर दोन खोल्या झाल्या, आणि वरच्या भागात गरम झालं तर खाली, पुढे गरम झालं तर मागे अशी त्यांना निवड मिळते. आपल्या उन्हाला एका फटीचा डबा मी सुचवत नाही.

लाकूड: १२ मिमीचं मरीन प्लाय, किंवा पॅकिंगच्या खोक्यातली जुनी देवदार फळी. प्लायला वास असतो, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं असतं, त्यामुळे कापून झाल्यावर दोन-तीन आठवडे सावलीत वारा लागू द्या. सनमायका लावलेलं उरलेलं प्लाय नको, गुळगुळीत असतं, नख रुतत नाही. पत्रा आणि प्लास्टिक तर नकोच.

माप असं:

मागची फळी ३० इंच उंच, १६ इंच रुंद. मधली फळी साडेवीस इंच उंच, १६ रुंद. पुढची फळी दोन तुकड्यांत, वरचा १६ इंच आणि खालचा ६, दोघांच्या मध्ये अर्ध्या इंचाची आडवी फट, हवा खेळायला. त्यासोबत पाऊण इंच जाड आणि एक इंच रुंद अशा चार पट्ट्या, दोन मागच्या आणि मधल्या फळीच्या मध्ये दोन्ही कडांना, दोन मधल्या आणि पुढच्या फळीच्या मध्ये. वर बंद करायला एक आडवी पट्टी आणि त्यावर छप्पर. खालून पूर्ण उघडं. मागची फळी पुढच्यापेक्षा सात-आठ इंच जास्त खाली येते, ती उतरायची जागा, पाकोळी आधी तिथे येऊन चिकटते आणि मग वर सरपटत जाते.

खालची बाजू उघडी ठेवली की लोक घाबरतात, "पडतील की ओ". नाही पडत, त्यांची नखं त्यासाठीच आहेत. उलट तळ बंद केला तर लेंड्या साठतात, उंदीर येतो, गांधीलमाशी येते.

आता क्रम, हा मोडू नका.

पहिलं, खाचा. सगळ्या फळ्यांच्या आतल्या बाजूंना आणि उतरायच्या जागेला करवतीने आडव्या रेघा मारा, अर्धा-अर्धा इंच अंतरावर, एक-दीड मिलिमीटर खोल. मधल्या फळीला दोन्ही बाजूंनी. हे जोडण्याआधी करायचं, जोडल्यावर हात आत जात नाही. निम्मे डबे इथेच वाया जातात कारण सुतार सवयीने रंधा आणि सँडपेपर मारून आतली बाजू छान गुळगुळीत करून देतो. त्याला आधीच सांगा की आत ओबडधोबडच पाहिजे. खाचा करायचा कंटाळा म्हणून नायलॉनची मच्छरजाळी आत स्टेपल करतात, ती दोन उन्हाळ्यांत सैल होते आणि त्यात पाय अडकून पाकोळी मरते. जाळी नको.

दुसरं, कोरडी जुळणी. फेविकॉल न लावता सगळं एकावर एक ठेवून फट मोजा. पाऊण इंच, वरपासून खालपर्यंत सारखी. मोठी झाली तर पाल राहायला येते. दोन फटींपैकी पुढची अर्ध्या इंचाची केली तर अगदी लहान पाकोळ्यांना ती आवडते, माझ्या डब्यात तशीच आहे.

तिसरं, स्क्रू. खिळे नकोत, वर्षभराच्या ऊन-पावसाने ढिले पडतात. स्क्रूचं टोक आत फटीत निघत नाही ना हे बोटाने फिरवून बघा. टोक निघालं असेल तर पंख फाटतो. मधल्या फळीच्या वर एक इंच मोकळं सोडायचं विसरू नका, नाहीतर एका खोलीतून दुसरीकडे जाता येत नाही.

चौथं, सांधे. बाहेरून वरचे आणि बाजूचे सांधे सिलिकॉनने भरा. वळवाचा पाऊस आडवा येतो, वरून पाणी झिरपलं की ती जागा त्या कायमची सोडतात.

पाचवं, छप्पर, आणि ह्यात आपल्याकडे थोडा जास्त खर्च करा. एक प्लायचं छप्पर डब्याला घट्ट, त्यावर अर्ध्या इंचाचे ठोकळे, त्यावर दुसरं छप्पर जे पुढे तीन इंच आणि बाजूंना दोन-दोन इंच बाहेर येतं. मधल्या फटीतून वारा जातो, वरचं तापलं तरी खालचं तापत नाही. पूर्वेला लावताना पुढच्या फळीलाही अशीच दुसरी पातळ फळी ठोकळ्यांवर लावता येते, फक्त हवेची आडवी फट झाकू नका.

सहावं, रंग. बाहेरून पांढरा, पाण्यातला, दोन हात. आतून काहीही नाही, रंग नाही, वॉर्निश नाही, डांबर तर नाहीच. चुन्याचा हातसुद्धा चालतो, फक्त दरवर्षी मारावा लागेल. रंग झाल्यावर परत दोन आठवडे वारा.

तपासा: डबा उभा धरा आणि खालून वर टॉर्च मारा. छपराकडून उजेडाची एकही तिरीप येता कामा नये. मग वरून बादलीभर पाणी ओता आणि आत हात घालून बघा, कोरडं पाहिजे.

४. लावायचा कधी आणि कसा

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा. वास उडून जातो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी किडे वाढायला लागतात तोवर डबा तिथला वाटायला लागतो. मे महिन्यात नवा डबा लावू नका. पण तयार असेल तर वर्षभर थांबायचीही गरज नाही, पावसाळा संपला की लावा.

भिंतीत ड्रिल मारून चार अँकर फास्टनर, दोन वर दोन खाली. एका खिळ्यावर फोटोसारखा टांगलेला डबा पहिल्या वळवात हलतो, आणि हलणाऱ्या डब्यात कुणी राहत नाही. भिंत आणि डबा ह्यांच्या मध्ये एकतर अजिबात फट नको, नाहीतर व्यवस्थित पाऊण इंच ठेवा, तीही मग त्यांना वापरता येते. मध्येच कुठेतरी दोन इंच सोडली तर तिथे कबुतराच्या काड्या अडकतात.

शिडीवर दोघांनी जा. पंधरा फुटांवर ड्रिल आणि डबा एकट्याने सांभाळत बसू नका.

भाड्याच्या घरात असाल, किंवा एवढं सगळं करणं जमत नसेल, तर साधा उपाय आहे: खाचा मारलेली दोन फूट बाय दीड फूट फळी, मागे दोन्ही कडांना आणि वर पाऊण इंची पट्ट्या, खालून उघडी, सरळ भिंतीवर. झाला एका फटीचा डबा, भिंतच मागची बाजू. पूर्व भिंतीला गडद सावलीत लावला तरच, ऊन येत असेल तर नको.

५. आजूबाजूला काय लागतं

पाणी. पाकोळी उडता उडताच पाण्यावरून जीभ लावत जाते, म्हणून पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं तिला उपयोगाचं नाही, काही मीटर लांबीचं मोकळं पाणी लागतं. कंबर तलाव, सिद्धेश्वर तलाव, होटगी तलाव, हिप्परग्याचा तलाव, ह्यांच्या जवळ राहणाऱ्यांना ह्याची काळजीच नाही. शेतात असाल तर शेततळं किंवा मोठी उघडी विहीर. शेततळ्याच्या प्लास्टिकवर एका कडेला दोरी किंवा जुन्या जाळीची पट्टी पाण्यात सोडून ठेवा, पडलेला जीव चढून येतो.

किडे. रातराणी, मोगरा, निशिगंध, शेवगा, असं रात्री वास येणारं काही लावलं तर पतंग येतात आणि पतंगांमागे पाकोळ्या. पण बागेत आठवड्याला फवारणी चालू असेल तर हे सगळं वाया. किडे मेले की खायला नाही, आणि औषध लागलेले किडे खाल्ले तर ते पाकोळीच्या अंगात साठतं.

अंधार. मागच्या अंगणातला रात्रभर जळणारा एलईडी बंद करा किंवा त्याचं तोंड खाली वळवा.

आणि शेजारी. हे मी मुद्दाम लिहितेय. डबा लावायच्या आधी शेजारच्या काकूंना, वरच्या मजल्यावरच्या लोकांना सांगा. वाघूळ घरात शिरणं वाईट असं मानणारे बरेच आहेत, आणि आयत्या वेळी कळलं तर रात्री काठी घेऊन येतात. डाळिंब-द्राक्षवाल्यांना तर नक्की सांगा की डब्यातल्या पाकोळ्या फळांना तोंड लावत नाहीत, ती वेगळी जात. संध्याकाळी एकदा सोबत गच्चीत बसवून दाखवलं तर बहुतेकांचा विरोध तिथेच संपतो, मुलं तर दुसऱ्या दिवशी स्वतःहून येतात.

६. वाट बघणं, आणि ह्या काळात काय करू नये

महिन्याभरात आल्या तर फार चांगलं. सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. माझ्या पूर्वेच्या डब्यात पहिली पाकोळी चौदाव्या महिन्यात दिसली.

तोवर लोक अधीर होऊन काहीतरी करत बसतात. दुसरीकडून लेंड्या आणून डब्याला चोळतात, त्याने काही होत नाही. बाजारात मिळणारे वासाचे द्राव टाकतात, तेही नाही. कुणीतरी दुकानाच्या पाटीमागून पकडून आणून आत सोडतात. असं मुळीच करू नका, त्यांना आपली जागा पक्की माहीत असते, अंधार पडला की त्या परत जातात आणि पकडताना पंख मोडतो ते वेगळंच. आणि दर चार दिवसांनी शिडी लावून आत टॉर्च मारणं हे तर त्यांना हाकलण्यासारखंच आहे.

बघायचं ते खालून. जमिनीवर डब्याच्या खाली एक पांढरी फरशी किंवा जुनी चादर टाकून ठेवा आणि सकाळी बघा. पाकोळीची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, काळी, कोरडी, काडीने दाबली की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसतात. उंदराची लेंडी दाबून भुगा होत नाही. पालीच्या लेंडीला एका टोकाला पांढरा ठिपका असतो. हा फरक न कळल्याने पालीच्या लेंड्या बघून "आल्या आल्या" म्हणणारे बरेच आहेत.

दोन पूर्ण वर्षं झाली, आजूबाजूला पाकोळ्या रोज दिसतात, तरी डबा रिकामा, तर जागा बदला. डबा तोच चालतो. आधी दिशा बदला, मग उंची वाढवा. दोन्ही एकदम बदललं तर नेमकं काय चुकलं होतं ते कळत नाही.

७. आल्यावर

आता हात लावायचा नाही, कशालाच. आपल्याकडच्या काही लहान पाकोळ्यांची पिल्लं वर्षभरात कधीही होतात, त्यामुळे "आता पिल्लं नसतील" असं धरून डबा उघडता येत नाही. डागडुजी करायचीच असेल तर सलग पाच-सहा संध्याकाळी मोजून एकही बाहेर पडत नाही आणि खाली नवी लेंडीही नाही, हे दिसल्यावरच.

उघड्या हाताने वाघूळ कधीच उचलायचं नाही, जिवंत असो की मेलेलं. चावलं किंवा ओरखडलं तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, रेबीजच्या लसीचं विचारा. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. त्यावरून घाबरून डबे काढायची गरज नाही, भिंतीवर पंधरा फूट वर राहणारी पाकोळी तुम्हाला काही करत नाही, पण हातात घ्यायची वस्तू नाही ती. मुलांना हे आधी शिकवा.

खाली पडलेली सापडली तर जाड चामडी हातमोजे घालून, जाड कापडाने उचलून, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सावलीत ठेवा. दूध पाजू नका. अंधार पडल्यावर खोकं उघडं करून भिंतीवर उंच ठेवा, बरी असेल तर उडून जाते. जखमी असेल तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६. संक्रांतीच्या आसपास मांजाने पंख कापलेल्या सापडतात, तेव्हा खास लक्ष ठेवा आणि अंगणात अडकलेला मांजा काढून टाका.

मे महिन्यात रोज दुपारी चारला खालून एकदा नजर टाका. पाकोळ्या डब्याच्या तोंडाशी किंवा उतरायच्या फळीवर येऊन बसल्या असतील तर आत फार तापतंय. पाणी मारू नका, ओला डबा बंद फटीत वाफ धरतो. डब्याच्या समोर दोन-तीन फुटांवर वरच्या छज्ज्यापासून पांढरं सुती कापड किंवा शेडनेट लावा, खालची उडायची वाट मोकळी ठेवून. हे काम अंधार पडल्यावर, त्या बाहेर गेल्या की करायचं.

लेंड्या महिन्यातून एकदा गोळा करा. तोंडाला मास्क, आधी थोडं पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही, मग झाडा. खत चांगलं आहे पण कडक आहे, एक मूठ लेंड्या एका मोठ्या कुंडीच्या मातीत मिसळून पंधरा दिवस ठेवा, मग रोप लावा. ताजं थेट मुळाशी टाकलेलं माझं एक मिरचीचं रोप चार दिवसांत करपलं.

डब्यात गांधीलमाशीने पोळं केलं असेल तर औषध मारू नका, हिवाळ्यात पोळं रिकामं झालं की लांब काठीने काढा. आणि दरवर्षी दिवाळीनंतर, रिकामा असेल तरच, स्क्रू आवळून आणि सिलिकॉन बघून घ्या, पांढरा रंग पिवळा पडला असेल तर बाहेरून एक हात मारा.